उभ्या विमानाचा गंज

रायपूरच्या जी. ई. रोड परिसरातील चौबे कॉलोनी तेथील मराठी समाजाला महाराष्ट्र मंडळामुळे परिचित आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत छत्तीसगडचा कारभार बहुतेक काळ नागपुराशी बांधलेला असल्यामुळे मराठी कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावली. पुनर्रचनेच्या त्याच वर्षी जी. ई. रोडवर खाणकाम आणि धातुशास्त्र या विषयांचे शासकीय महाविद्यालय सुरू झाले व २००५ मध्ये त्याचे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत रूपांतर झाले. धातुशास्त्राची निवड या मुलखाला साजेशीच होती. येथील डोंगरपठारांवर बॉक्साइट सापडते, आणि १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारत अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या कोरबा येथील कारखान्यात सत्तरच्या दशकापासून त्याचे अ‍ॅल्युमिनियम केले जाऊ लागले. विमानाच्या धातूला लागणारी झीज, जिला शास्त्रीय भाषेत क्षरण म्हणतात, ही मात्र सहसा किनारपट्टीची व्याधी समजली जाते, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या रायपूर-नागपूरसारख्या शहरांचा तिच्या इतिहासाशी संबंध असेल असे कोणाच्या मनात येत नाही. ही समजूत अपुरी आहे. क्षरणाचा आरंभ रसायनशास्त्राने ठरतो, पण त्याची मजल कुठवर जाईल हे निगेची साखळी कुठे तुटते यावर ठरते, आणि ती साखळी समुद्रकाठी जितकी तुटू शकते तितकीच माळरानावरही तुटू शकते.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा, चिवट आणि पारदर्शक पापुद्रा तयार होतो. तो ओरखडला तरी क्षणार्धात पुन्हा जमतो, आणि त्यामुळे लोखंडाप्रमाणे हा धातू आतवर खात जाणारा तांबडा गंज धरत नाही. अडचण अशी, की शुद्ध अ‍ॅल्युमिनियम विमानाच्या सांगाड्याचा भार पेलण्याइतके बळकट नसते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म याने १९०६ ते १९०९ या काळात अ‍ॅल्युमिनियमात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशियम मिसळले, मिश्रधातू तापवून पाण्यात विझवला आणि काही दिवस तसाच राहू दिला असता तो आपोआप कठीण होतो हे दाखवून दिले. ड्युरॅल्युमिन या नावाने बाजारात आलेल्या या मिश्रधातूने आधी जर्मन हवाई जहाजांचे सांगाडे आणि नंतर विमानांचे पंख घडवले. परंतु ज्या तांब्याने त्याला बळ दिले, त्याच तांब्याने त्याची सहनशक्ती घटवली. धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमांवर तांबेयुक्त संयुगाचे बारीक दाणे जमतात. ओलावा आणि क्षार यांच्या सान्निध्यात हे दाणे व त्यांच्या कडेचा तांबे गमावलेला धातू यांच्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारा पत्रा आतून कणांच्या सीमांवर उसवत जातो. यालाच आंतरकणीय क्षरण म्हणतात.

हा दोष १९२० च्या दशकात ध्यानात आला तो प्रामुख्याने समुद्री विमानांमुळे. इंग्लंडमध्ये बेन्गो आणि स्टुअर्ट यांनी १९२३ मध्ये क्रोमिक आम्लाच्या द्रावणात धातूला धन ध्रुव बनवून त्यावरचा ऑक्साइडचा थर कृत्रिमरीत्या जाड करण्याची, म्हणजे अ‍ॅनोडायझिंगची, कृती काढली. अमेरिकेत त्या दशकाच्या उत्तरार्धात अल्कोआ कंपनीच्या एडगर डिक्स याने ड्युरॅल्युमिनच्या पत्र्याच्या दोन्ही बाजूंस शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर दाबून बसवला, आणि हा पत्रा अल्क्लॅड या नावाने ओळखला जाऊ लागला. या दुसऱ्या युक्तीत विशेष कल्पकता होती. शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा थर केवळ पांघरूण म्हणून काम करत नाही. ओरखडा आतल्या मिश्रधातूपर्यंत गेला तरी विद्युत्-रासायनिक दृष्ट्या अधिक क्रियाशील असल्यामुळे हा थर स्वतः झिजतो आणि मुख्य पत्रा वाचवतो. आजही प्रवासी विमानांच्या बाह्य आवरणाचे बरेचसे पत्रे याच तत्त्वावर बनतात. पुढे जस्ताचे प्रमाण अधिक असलेला ७०७५ क्रमांकाचा आणखी बळकट मिश्रधातू आला, पण ताण व ओलावा एकाच वेळी सोसावा लागला की त्याला तडे जात. त्यावर उपाय म्हणून उष्णतेच्या संस्काराची पद्धत बदलून थोडे बळ सोडण्याची तडजोड साठच्या दशकात करावी लागली. विमानाच्या धातूच्या इतिहासात बळ आणि टिकाऊपणा यांची अशी देवाणघेवाण वारंवार दिसते.

भारतात ही समस्या मोठ्या प्रमाणावर प्रथम आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, आणि तीही चमत्कारिक वाटेने. कानपूरच्या आगारात बी-२४ लिबरेटर जातीची चार इंजिनांची बॉम्बफेकी विमाने मोठ्या संख्येने टाकून दिलेली होती, आणि ती पुन्हा कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांचे पत्रे ठोकून, उपकरणे फोडून आणि इंजिनांत वाळू ओतून त्यांची नासधूस केलेली होती. ही मोडतोड शत्रूने केली नव्हती, ज्यांनी ती विमाने वापरली त्यांनीच ती केली होती. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनी १९४० मध्ये बंगळूर येथे उभारलेल्या आणि पुढे सरकारी झालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याने युद्धकाळात कॅटलिना आदी अमेरिकन विमानांच्या दुरुस्तीचा अनुभव घेतलेला होता. त्याच कारखान्याच्या कारागिरांनी कानपूरच्या ढिगातून सुमारे चाळीस लिबरेटर निवडून, जुजबी दुरुस्तीनिशी उडवत बंगळूरला नेऊन, नव्याने उभी केली. उघड्यावर दोन-तीन पावसाळे काढलेल्या सांगाड्यातला कोणता पत्रा ठेवायचा आणि कोणता फेकायचा हा निवाडा तेथे विमानागणिक करावा लागला. दुरुस्त विमाने नोव्हेंबर १९४८ पासून हवाई दलाला मिळू लागली. १९५१ मध्ये ६ क्रमांकाची स्क्वाड्रन पुण्यात ती घेऊन सागरी टेहळणीसाठी उभी राहिली, आणि मोडीत काढलेली ही विमाने १९६८ पर्यंत सेवेत टिकली.

पुण्याच्या याच स्क्वाड्रनकडे साठच्या दशकाच्या आरंभी एअर इंडियाची निवृत्त सुपर कॉन्स्टेलेशन विमाने आली, आणि सागरी टेहळणीचे काम नौदलाकडे सोपवले गेल्यावर १९७६ मध्ये ती गोव्यातील दाबोळीच्या नौदल तळावर गेली. या विमानांना सागरी टेहळणीचे काम नेमून दिले गेले तेव्हाच क्षरणाच्या दृष्टीने त्यांचे आयुष्य पार बदलले होते. प्रवासी विमान उंचावरच्या कोरड्या, थंड हवेत बहुतेक वेळ काढते, तर टेहळणी विमान तासन्‌तास समुद्रपृष्ठाजवळून उडते आणि खाऱ्या तुषारांत न्हाऊन परतते. त्यामुळे नौदलाच्या विमानविद्येत गोड्या पाण्याची धुलाई हा क्षरणरोधाचा पहिला नियम ठरला: उड्डाणानंतर सांगाडा धुणे, इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये स्वच्छ पाणी सोडून पात्यांवरचे मीठ काढणे, पाणी निचरून गेल्याची खात्री करणे आणि सांधेजोडांवर क्षरणरोधक तेलाचा हात फिरवणे. १९६१ मध्ये विक्रांत सेवेत आल्यावर तिच्यावरील सी हॉक आणि अलिझे विमानांना तर धुतल्यानंतर वाळायलाही पुन्हा खारीच हवा मिळे. हेलिकॉप्टरांत वजन वाचवण्यासाठी गिअरबॉक्सची खोकी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केलेली असतात. मॅग्नेशियम हा विमानात वापरला जाणारा सर्वांत क्रियाशील धातू असल्याने, रंगाचा टवका उडालेल्या जागी क्षार पोहोचले की तेथे थोड्याच काळात पांढरी, फुगीर बुरशी उठल्यासारखी दिसते. जुन्या पिढीतल्या काही अमेरिकन हेलिकॉप्टरांचे आवरणच मॅग्नेशियमचे होते, आणि समुद्रावर ते फार महागात पडले. बोगमाळोजवळच्या नौदल विमानसंग्रहालयात उघड्यावर मांडलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनकडे बारकाईने पाहणाऱ्याला कोकणपट्टीचा पाऊस आणि धातू यांचे नाते पुस्तकावाचून कळते.

क्षरण शोधण्याची विद्या मुख्यतः डोळ्यांची आहे आणि तशीच राहिली आहे. हँगरमधला अनुभवी तंत्रज्ञ विमानाच्या अंगावर बॅटरीचा झोत समोरून न टाकता जवळजवळ समांतर टाकतो, कारण तिरप्या उजेडात पत्र्याची सूक्ष्म फुगवटी सावली धरते. दोन पत्रे जेथे एकमेकांवर चढवून रिव्हेटांनी जोडलेले असतात त्या सांध्यात पाणी शिरले, की तयार होणाऱ्या क्षरणद्रव्याला मूळ धातूपेक्षा कितीतरी अधिक जागा लागते. ते पत्र्यांना एकमेकांपासून दूर ढकलते, आणि रिव्हेटांच्या ओळीत प्रत्येक दोन रिव्हेटांमध्ये पत्रा किंचित फुगलेला दिसतो. कधी रिव्हेटचे डोके तुटून उडालेले असते. रिव्हेटभोवती वाऱ्याच्या दिशेने काळपट शेपूट उमटली असेल तर रिव्हेट ढिला होऊन धातू धातूवर घासला जात आहे असे समजले जाते. रंगाखाली केसासारख्या नागमोडी रेषा सरकत गेलेल्या दिसल्या तर ते तंतुमय क्षरण होय, आणि दाबून आकार दिलेल्या जाड पट्ट्यांच्या कडा खारी बिस्किटाच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटत असतील तर ते पापुद्री क्षरण, म्हणजे आंतरकणीय क्षरणाचेच पुढचे आणि अधिक गंभीर रूप. त्यानंतर साधने येतात: अरुंद पोकळीत डोकावणारी बोरोस्कोपची नळी, तड्यात शिरून अतिनील प्रकाशात उजळणारे भेदक रंगद्रव, खालच्या पत्र्यातील झीज वरून ओळखणारे भोवरी विद्युत्-प्रवाहाचे यंत्र आणि उरलेली जाडी मोजणारे श्राव्यातीत लहरींचे यंत्र. चिकटवलेले थर सुटले आहेत काय हे पाहण्यासाठी मात्र अजूनही नाण्याने ठोकून आवाज ऐकला जातो, आणि बद्द आवाज आला की तेथे खडूने वर्तुळ काढले जाते.

कुठे पाहायचे हे ज्ञान साधनांहून मोलाचे असते, आणि त्याची यादी विमानप्रवासाची प्रतिष्ठा थोडी कमीच करते: शौचालयाखालची जमीन, जेथे चहा-कॉफी व रस सांडतात त्या गॅलीखालच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेखालच्या, आडव्या तुळया, बॅटरीची कोठी, चाकांचे खण, आणि फरशीखालचा तो खोलगट तळ, जेथे सर्व ओघळ जमा होतात व जेथील निचऱ्याची भोके धुळीने बुजलेली असतात. क्षरण काढण्याच्या कामातही शिस्तीला फार महत्त्व आहे. रंग रसायनाने उतरवून झिजलेला धातू अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कागदाने किंवा अधातू घासणीने घासावा लागतो. पोलादी तारेचा ब्रश वा लोखंडी काथ्या अ‍ॅल्युमिनियमला लावणे हा गंभीर अपराध मानला जातो, कारण लोखंडाचे रुतून राहिलेले कण पुढे स्वतःच नव्या क्षरणाची केंद्रे बनतात. खड्डा पूर्ण साफ झाल्यावर त्याच्या कडा उतरत्या करून तो उथळ बशीसारखा केला जातो, डायल गेजने त्याची खोली मोजली जाते, आणि उत्पादकाच्या संरचना-दुरुस्ती पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेशी ती ताडून पाहिली जाते. मर्यादेच्या आत असेल तर क्रोमेटचे रूपांतरण लेपन, प्रायमर आणि रंग. बाहेर असेल तर ठिगळ किंवा भागच बदलणे. या लेपनांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाल्यावर युरोपने त्यावर कडक निर्बंध घातले, आणि अनेक दशके विश्वासू ठरलेल्या या रसायनाला तितकाच भरवशाचा पर्याय शोधण्याचा खटाटोप सुरू झाला.

तथापि हे सारे ज्ञान उपलब्ध असतानाही ते नेमाने वापरले जाण्याची सक्ती फार उशिरा आली. २२ ऑगस्ट १९८१ रोजी तैवानमध्ये फार ईस्टर्न एअर ट्रान्सपोर्टचे बोइंग ७३७ हवेत फुटून ११० जण मृत्युमुखी पडले, तेव्हा पोटाकडील भागातले दीर्घकाळचे क्षरण हे कारण पुढे आले. माल म्हणून वाहिलेल्या माशांचे खारट पाणी त्या भागात झिरपत राहिल्याचे मानले गेले. एवढ्या इशाऱ्यानंतरही तपासणीची जागतिक पद्धत बदलली ती २८ एप्रिल १९८८ नंतर. त्या दिवशी हवाई बेटांवरील अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे सुमारे साडेपाच मीटर लांबीचे छत २४,००० फुटांवर उडून गेले आणि एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मरण पावली, पण विमान उतरले. त्या विमानाने ८९,६८० उड्डाणे केली होती, तीही बेटाबेटांमधल्या खाऱ्या हवेत आणि अल्प अंतराची. पत्र्यांच्या सांध्यातील चिकटद्रव्य ओलाव्याने सुटले होते, सांधा झिजला होता, आणि सगळा भार रिव्हेटांवर येऊन ओळीने बारीक तडे गेले होते. एका प्रवासी महिलेने चढतानाच दाराजवळ तडा पाहिला होता आणि ती कोणाला बोलली नव्हती. पण ज्यांचे कामच पाहणे होते त्यांना तो दिसला नाही, ही चौकशीतील खरी गंभीर बाब होती. त्यानंतर जुन्या विमानांसाठी क्षरण-प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम बंधनकारक झाला आणि क्षरणाच्या तीन पातळ्या ठरल्या: मर्यादेत राहून साफ करता येईल ते पहिल्या पातळीचे, मर्यादा ओलांडून दुरुस्ती मागणारे दुसऱ्या, आणि त्या जातीच्या इतर विमानांच्याही सुरक्षिततेची तातडीने दखल घ्यायला लावणारे तिसऱ्या पातळीचे. एखाद्या कंपनीकडे दुसऱ्या पातळीचे क्षरण वारंवार सापडू लागले तर दोष विमानाचा न धरता तिच्या तपासणीच्या वेळापत्रकाचा धरला जातो, हे या व्यवस्थेचे मर्म आहे. लढाऊ विमानेही याला अपवाद नव्हती. डिसेंबर २००८ मध्ये सैबेरियात रशियन हवाई दलाचे मिग-२९ शेपटीच्या उभ्या पंखातील क्षरणामुळे कोसळले, तेव्हा त्या देशाची बरीच मिग-२९ विमाने जमिनीवर ठेवली गेली. १९८७ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर प्रथम दाखल झालेल्या आणि ओझर येथील हवाई दलाच्या दुरुस्ती आगारात संपूर्ण तपासणीसाठी येणाऱ्या भारतीय मिग-२९ विमानांच्या दृष्टीनेही ही बातमी परक्या देशाची राहिली नाही.

जुन्या मध्य प्रांताच्या दोन शहरांनी या इतिहासाला जोडलेला अध्याय उडणाऱ्या विमानांचा नाही, तो उभ्या राहिलेल्यांचा आहे. नागपूर विमानतळावर १९९१ मध्ये उतरलेले कॉन्टिनेन्टल एव्हिएशनचे बोइंग ७२० पुन्हा उडालेच नाही, आणि धावपट्टीच्या परिसरात तब्बल चोवीस वर्षे पडून राहिल्यावर २०१५ मध्ये ते तेथून हलवले गेले. त्याच वर्षी, ७ ऑगस्टला, ढाक्याहून मस्कतला निघालेल्या युनायटेड एअरवेज या बांगलादेशी कंपनीच्या एमडी-८३ विमानाचे एक इंजिन बिघडून ते रायपूरच्या माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळावर सुखरूप उतरले. प्रवासी दुसऱ्या विमानाने गेले, विमान राहिले. २०१६ मध्ये कंपनीचीच उड्डाणे बंद पडली, आणि पार्किंगच्या भाड्याची थकबाकी काही वर्षांत कोटीच्या घरात पोहोचली. नागपुरात त्याच सुमारास मिहान प्रकल्पात बोइंगने एअर इंडियासाठी उभारलेले देखभाल केंद्र सुरू होत होते, म्हणजे या दोन अनाथ विमानांना वैद्य जवळ नव्हता असेही म्हणता येत नाही.

रायपूरला समुद्र नाही, परंतु क्षरणाला लागणारे बाकी सारे आहे. जून ते सप्टेंबर दमट हवा, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या पाऱ्यात तापणारा पत्रा आणि हिवाळ्यात पहाटे त्यावर साचणारे दव. शिवाय उरला आणि सिलतरा येथील स्पंज आयर्नच्या कारखान्यांचा व कोळशाचा धूर, ज्यातील गंधकाची संयुगे दवात विरघळून आम्लधर्मी होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूक्ष्म धूलिकणांच्या यादीत रायपूर जगातील अतिप्रदूषित शहरांत वरच्या क्रमांकांवर होते. धूळ स्वतः धातू खात नाही, पण ती ओलावा धरून ठेवते आणि निचऱ्याची भोके बुजवते. दीर्घकाळ उभे ठेवायचे विमान म्हणूनच विधिपूर्वक निजवावे लागते: इंजिनांची तोंडे झाकून आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आणि आर्द्रता वाढताच निळ्याचे गुलाबी होणारे कार्ड ठेवणे, नळ्या-छिद्रे बंद करणे, ठरावीक दिवसांनी चाके थोडी फिरवणे, टाक्यांच्या तळाशी जमलेले पाणी काढणे. हे शेवटचे काम चुकले की पंखातील टाकीत रॉकेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक विशिष्ट बुरशी वाढते, काळसर चिकट थर धरते आणि तिच्या आम्लांनी टाकीचा तळ, म्हणजे पंखाचाच खालचा पत्रा, आतून खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो. बाहेरून धुतलेला, रंगवलेला पंख पाहून याचा काही अंदाज येत नाही.

उड्डाणयोग्यता ही विमानाच्या अंगात नसून त्याच्या नोंदींत असते, असे विमानदेखभालीच्या क्षेत्रात मानले जाते. कोणता भाग कधी बसवला, कधी तपासला, कोणत्या परवानाधारकाने सही केली, याची साखळी अखंड असेल तरच विमान उडण्यास लायक ठरते, आणि तपासणीत काही वर्षांचा खंड पडला की दिसायला धडधाकट सांगाडासुद्धा पुन्हा सिद्ध करण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या पलीकडे जातो. अशा विमानाची इंजिने आणि चाकांचे पाय कागदपत्रांसह असतील तर सुट्या भागांच्या बाजारात त्यांना भाव येतो. कागदपत्रे नसलेला भाग कितीही चांगला असला तरी वजनावर जातो. तांबे आणि जस्त मिसळलेले, रंग व क्रोमेट चढलेले ते पत्रे वितळवून पुन्हा विमानाचा पत्रा क्वचितच बनतो, आणि बहुधा त्यांचा ओतीव कामाचा कमी प्रतीचा धातू होतो.